थंडी कोणत्या साली परतली?

डेन्मार्कमधल्या अलेरॉड इथे विटांसाठी चिकणमाती खणत असत. १९०१ साली हार्ट्झ आणि मिल्थर्स यांनी त्या खाणीतल्या थरांचं वर्णन प्रसिद्ध केलं. तळाला आणि माथ्यावर चिकणमाती होती आणि तिच्यात ड्रायास या टुंड्रातल्या खुरट्या झुडपाची पानं. मधल्या काळपट गाळात मात्र बर्च झाडाचे अवशेष होते. म्हणजे हिमयुग ओसरताना झाडं वाढण्याइतकी ऊब आली आणि मग थंडी परतली. या परतलेल्या थंडीला यंगर ड्रायास म्हणतात. ती हजारेक वर्षं टिकली आणि सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपली.

ती नेमकी कधी सुरू झाली, हे खाणीतून कळणं अवघड होतं. त्यासाठी लागतं मीरफेल्डर मारसारखं सरोवर. जर्मनीच्या आयफेल भागातलं हे विवर आपल्या लोणारसारखंच गोल, पण उल्केचं नव्हे, ज्वालामुखीच्या स्फोटाचं. त्याच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक पातळ पदर बसत गेला, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली वर्षं अक्षरशः मोजता येतात. आखिम ब्राउअर आणि सहकाऱ्यांनी ती मोजली. त्यांच्या हिशेबाने १२,६७९ वर्षांपूर्वी पदरांचं रूप एकाएकी पालटलं. शांत पाण्यात साचणारं लोहयुक्त खनिज जवळजवळ नाहीसं झालं, कारण वादळी वारे पाणी ढवळू लागले होते. हा पालट अवघ्या वर्षभरातला! हवामान सावकाश बदलतं, हा आपला समज इथे टिकत नाही.

पण एक अडचण होती. ग्रीनलंडच्या बर्फात हीच थंडी सुमारे १७० वर्षं आधी दिसत होती. समुद्री बर्फ हळूहळू दक्षिणेकडे पसरला, म्हणून युरोपात थंडी उशिरा पोचली, असा खुलासा मांडला गेला. पटण्यासारखा होता.

मग २०२१ साली जवळच्याच लाखर झे ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या झाडांची वलयं आणि त्यांतला किरणोत्सारी कार्बन तपासला गेला. उद्रेक १३,००६ वर्षांपूर्वीचा निघाला, म्हणजे मानत होते त्याहून शतकभर जुना. त्याच उद्रेकाच्या राखेचा थर मीरफेल्डरच्या गाळातही आहे. थंडीची सुरुवात त्या राखेच्या वर किती पदरांनी येते, हे आधीच मोजलेलं होतं. राखेचं वय मागे गेलं, तशी थंडीही सुमारे १३० वर्षं मागे सरकली आणि ग्रीनलंडशी जुळली. उशिराने येणाऱ्या थंडीच्या खुलाशाची मग गरजच उरली नाही.