बॉल पायथन आणि बोआ : काय, किती आणि किती दिवसांनी खाऊ घालायचं

हे पत्रक आमच्याकडून गोठवलेले उंदीर नेणाऱ्यांसाठी आहे. पाकीट फ्रीझरमध्ये टाकण्याआधी एकदा सगळं वाचून काढा, कारण पाळीव अजगरांच्या आजारपणातला मोठा भाग चुकीच्या खाण्यातून येतो. त्यातही उपासमारीपेक्षा जास्त खाऊ घालण्यातून येतो.

हे साप दबा धरून बसणारे शिकारी आहेत. जंगलात पुढची शिकार कधी मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून समोर आलेलं घ्यायचं हा त्यांचा स्वभाव. बोआ तर पोट भरलेलं असतानाही झडप घालतो. तेव्हा साप खायला तयार आहे का, हे बघून जेवणाचा दिवस ठरवू नका. तो ठरतो सापाच्या वजनावर आणि पेटीतल्या तापमानावर.

आधी वजन

स्वयंपाकघरात वापरतात तसा 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, पण सापासाठी वेगळा. झाकणाचा रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि मग साप डब्यात ठेवून वजन घ्या. महिन्यातून एकदा, जेवणाच्या आधी आणि शक्यतो शी झाल्यानंतर. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, सापाचं वजन, भक्ष्याचं वजन, खाल्लं की नाही. कात टाकल्याची तारीखही त्यातच लिहा.

बॉल पायथनसाठी आम्ही हे प्रमाण सांगतो:

200 ग्रॅमपर्यंतचं पिल्लू: स्वतःच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, दर 5 ते 7 दिवसांनी. 80 ग्रॅमच्या पिल्लाला 8 ते 12 ग्रॅमचा, म्हणजे माऊसचा (लहान उंदराचा) हॉपर, उड्या मारू लागलेलं पिल्लू, किंवा रॅटची (मोठ्या उंदराची) फझी, नुकती लव आलेलं पिल्लू.
200 ते 500 ग्रॅम: 7 ते 10 टक्के, दर 7 ते 10 दिवसांनी.
500 ते 1000 ग्रॅम: 6 ते 7 टक्के, दर 14 ते 20 दिवसांनी.
1000 ग्रॅमच्या पुढे: साधारण 5 टक्के, दर 3 ते 4 आठवड्यांनी. दीड किलोच्या मादीला 75 ग्रॅमचा लहान रॅट पुरतो.

शेवटची ओळ वाचून बरेच जण थबकतात. पण पूर्ण वाढ झालेल्या बॉल पायथनला 200 ग्रॅमचा रॅट कधीच लागत नाही. आमच्याकडचं मोठ्या रॅटचं पाकीट या सापासाठी मागू नका.

बोआचं पचन त्याहून संथ. पिल्लू जन्मल्यावर पहिली कात टाकेपर्यंत काही देऊ नका. त्यानंतर वर्षाचं होईपर्यंत वजनाच्या 10 टक्क्यांच्या आत, दर 10 ते 14 दिवसांनी. एक ते तीन वर्षांच्या बोआला दर 2 ते 3 आठवड्यांनी आणि मोठ्याला 4 ते 6 आठवड्यांनी, 5 टक्क्यांच्या आसपास. खाल्ल्यावर बोआच्या अंगावर फुगवटा जेमतेम दिसावा. बॉल पायथनला त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढं भक्ष्य चालतं, बोआला त्याहून थोडं बारीक द्या.

साप लवकर मोठा व्हावा म्हणून दर तीन-चार दिवसांनी खाऊ घालणारे लोक आहेत. असा साप लांबीला वाढतो, पण आत चरबी साठते, यकृत खराब होतं आणि आयुष्य घटतं. हे नुकसान बाहेरून दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. लठ्ठपणा असा ओळखा: साप वळला की कातडीला घड्या पडतात, खवल्यांमधली कातडी स्थिर बसलेला असतानाही दिसते, शेपटीच्या मुळाशी अंग एकदम बारीक झाल्यासारखं वाटतं. निरोगी बॉल पायथनचं अंग आडव्या छेदात गोलसर त्रिकोणी असतं. पाठीचा कणा हाताला लागतो, पण धारेसारखा वर आलेला नसतो.

काय द्यायचं

अख्खा उंदीर, म्हणजे हाडं, काळीज, आतडी, केस सगळं. त्यातच कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं आली, वरून पावडर भुरभुरायची गरज नाही. चिकनचे तुकडे, खिमा, अंडी हे या सापांचं अन्न नव्हे. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि वाढत्या सापाची हाडं त्यावर कमकुवत होतात. अधूनमधून बटेर किंवा कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू दिलं तर हरकत नाही, मात्र शी पातळ आणि जास्त वासाची होईल.

घरात किंवा गल्लीत पिंजऱ्यात सापडलेला उंदीर कधीही देऊ नका. त्याच्या पोटात जंत असतात आणि त्याने कोणाच्या तरी घरचं विष खाल्लेलं असू शकतं. उंदीर मारायची बरीच औषधं रक्त गोठू न देणारी असतात आणि खाल्ल्यावर काही दिवसांनी परिणाम करतात. तोवर उंदीर टुणटुणीत दिसतो आणि ते विष सापाच्या पोटात जातं.

जिवंत भक्ष्यालाही आमचा विरोध आहे. कोपऱ्यात सापडलेला रॅट चावतो: डोळा, ओठ, पाठ, जिथे दात पोचेल तिथे. सापाला भूक नसेल आणि रॅट रात्रभर पेटीत राहिला, तर सकाळी कातडी खाल्लेला साप दिसू शकतो.

बर्फ उतरवणं

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून क्रम पाळा. आदल्या रात्री उंदीर बंद पिशवीतच फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा, वेगळ्या झाकणाच्या डब्यात. लहान पिंकीला (केस न आलेल्या नवजात पिल्लाला) तीन-चार तास पुरतात, मोठ्या रॅटला पूर्ण रात्र. संध्याकाळी पोट बोटाने दाबून बघा. आत गोळा लागला तर अजून बर्फ आहे. बर्फ असलेलं भक्ष्य पोटात गेलं तर पचन थांबतं आणि साप ते ओकतो.

बर्फ उतरल्यावर पिशवी गरम पाण्यात 15 ते 20 मिनिटं बुडवा. पाणी 40 ते 45 अंश, हाताला सोसेल इतकं. उकळतं नको, मायक्रोवेव्ह तर अजिबात नको: बाहेरून शिजतं, आतून गार राहतं आणि पोट फुटतं. बाहेर काढून कागदाने कोरडं करा. अंग 38 अंशांच्या आसपास हवं, डोकं थोडं जास्त गरम असलेलं उत्तम. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे गार उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही.

दिवे मंद करा. किमान 30 सेंटिमीटर लांब चिमट्याने उंदीर कमरेत धरून डोकं सापाकडे ठेवा आणि हळू हलवा. सापाच्या तोंडावर आपटू नका, बॉल पायथन घाबरून मान आत घेतो. विळखा घातला की चिमटा सोडा. बोआच्या बाबतीत आणखी थोडं करा: विळख्यात असलेला उंदीर चिमट्याने दोन-चार वेळा हलकेच हलवा. भक्ष्याच्या हृदयाचे ठोके बोआला जाणवतात आणि ते थांबेपर्यंत तो आवळत राहतो. मेलेल्या उंदराला थोडी हालचाल दिली की तो नेहमीसारखा आवळतो, त्याचा व्यायामही होतो.

खाण्यासाठी साप वेगळ्या डब्यात हलवू नका. खाल्ल्यावर परत उचलावा लागतो, आणि भरल्या पोटी उचलणं हे ओकण्याचं एक मोठं कारण. पेटी उघडली की खाणं, असा त्याचा समज होऊ नये म्हणून इतर वेळी हात घालण्याआधी हूकने किंवा कागदाच्या सुरळीने अंगाला हलकं शिवा. एका पेटीत दोन साप ठेवले असतील तर आजच वेगळे करा. दोघांनी एकाच उंदराची दोन टोकं धरली, तर एक दुसऱ्याला गिळायला निघतो.

खाल्ल्यानंतर

किमान 48 तास हात लावू नका. जेवण मोठं असेल तर चार-पाच दिवस. या काळात सापाच्या शरीरात केवढं काम चालतं याची कल्पना बर्मीज अजगरावर झालेल्या अभ्यासातून येते: मोठ्या जेवणानंतर दोन-तीन दिवसांत त्याच्या हृदयाचं वजन सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं, आतडीही जाड होतात आणि पचन संपलं की सगळं पूर्ववत होतं. या कामाला ऊब लागते. पेटीची गरम बाजू 31 ते 32 अंश, गार बाजू 25 ते 27, आणि रात्रीही 24 च्या खाली नाही. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटवरच हवा, वर हवेत लटकवलेला नको, नाहीतर खालची फरशी भाजण्याइतकी तापते.

पुणे, नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो. पेटीची रात्रीची ऊब टिकत नसेल तर त्या आठवड्यात जेवण देऊच नका. उपाशी साप गारठ्यातून सावरतो, भरल्या पोटाच्या सापाचं भक्ष्य आतच कुजतं. जेवण दिल्यावर वीज गेली, तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेरच्या बाजूला लावा आणि पेटीवर चादर टाका, हवेच्या जाळ्या मात्र उघड्या ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात उलटी अडचण: खोलीच 35 च्या वर जाते. तेव्हा मॅट बंद, पाण्याचं भांडं मोठं, जेवण रात्री उशिरा आणि नेहमीपेक्षा लहान.

खात नसेल तर

बॉल पायथन थंडीच्या आणि विणीच्या काळात दोन-तीन महिने, मोठा नर त्याहूनही जास्त काळ उपास करतो. वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नाही. डोळे दुधाळ झाले असतील तर कात पडेपर्यंत थांबा. नवा आणलेला साप आधी 7 ते 10 दिवस एकटा सोडा.

एरवी नाकारलं तर तापमान मोजा, दोन्ही बाजूंना अंग चिकटून बसेल अशी अंधारी लपण्याची जागा आहे का बघा, आणि पुढचा प्रयत्न किमान एका आठवड्याने करा. रोज उंदीर नाचवलात तर नकार आणखी पक्का होतो. माऊसवर वाढलेला साप रॅट घेत नसेल, तर रॅट माऊसच्या पिंजऱ्यातल्या भुशात घोळवून द्या. बुजरा साप असेल तर उंदीर लपण्याच्या दाराशी ठेवून खोलीबाहेर जा. सकाळी उरलेला टाकून द्या, पुन्हा गोठवू नका.

वजन 10 टक्क्यांहून जास्त घटलं, पिल्लाने पाच आठवडे काही घेतलं नाही, तोंडात फेस किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. सोबत ती वजनाची वही न्या.

ओकलं तर

लगेच दुसरं भक्ष्य देऊ नका. ओकताना पचनरस बाहेर जातात आणि अन्ननलिका पोळते. ताजं पाणी ठेवा, 14 दिवस काहीही देऊ नका, मग नेहमीच्या निम्म्या वजनाचं द्या आणि पुढची तीन जेवणं तशीच लहान ठेवा. कारण बहुतेक वेळा गारठा, फार मोठा उंदीर किंवा खाल्ल्यावर हाताळणं. दुसऱ्यांदा झालं तर शी तपासून घ्या, जंत किंवा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी निघू शकतो. बोआ ओकत असेल आणि सोबत मान वर ताणून राहत असेल, उलटा पडल्यावर सरळ होत नसेल, तर विषाणूमुळे होणाऱ्या आयबीडी (इन्क्लूजन बॉडी डिसीज) या आजाराची शंका घ्या. तो साप इतरांपासून वेगळ्या खोलीत ठेवा, त्याचा चिमटा आणि भांडीही वेगळी.

कागदपत्रं आणि पाकीट

आपला भारतीय अजगर आणि मांडूळ हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली संरक्षित आहेत, घरी ठेवता येत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही खाद्य विकत नाही. परदेशी बॉल पायथन आणि बोआ यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर करावी लागते. ती अजून केली नसेल तर आधी ती करा.

पाकीट उणे 18 अंशांवर सहा महिने टिकतं. शक्य असेल तर घरच्या अन्नापासून वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर बंद डब्यात सगळ्यांत खाली. उंदीर किंवा साप हाताळल्यावर साबणाने हात धुवा, चिमटा आणि डबा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. साल्मोनेला तिथूनच घरात पसरतो आणि लहान मुलांना जास्त त्रास देतो. पाकीट हातात पडताना उंदीर मऊ लागला किंवा पोट हिरवट दिसलं, तर घेऊ नका. तिथल्या तिथे परत द्या, आम्ही बदलून देऊ.