उसण भरली की मानेतली नस दबली?

खांद्याच्या फऱ्याची आतली कड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये जेमतेम चार बोटं जागा असते. आपला हात तिथे नेमका पोचत नाही, मग घरातल्या कुणाला तरी ‘अजून वर, हां, तिथेच’ करत दाबायला लावायचं. तिथे दुखलं की निदान तयारच असतं: उसण भरली. शेक, बाम आणि ओळखीत कुणी पायाळू असेल तर त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. बऱ्याचदा हे निदान बरोबरही निघतं. पण त्याच चार बोटांत मानेतल्या दबलेल्या नसेचं दुखणंही येऊन बसतं. मग पाठ कितीही चोळा, फरक पडत नाही, कारण बिघाड तिथे नसतोच.

उसण म्हणजे स्नायूचं दुखणं. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. मान पुढे काढून तासन्‌तास मोबाइलमध्ये बघत बसलं की ते ओझं मागचे स्नायू दोरीसारखे धरून ठेवतात. स्नायू कामाला कुरकुरत नाही, ताटकळण्याला कुरकुरतो. हे दुखणं एका बोटानं दाखवता येतं. दाबलं की गाठ लागते, दुखतं आणि बरंही वाटतं. संध्याकाळपर्यंत वाढत जातं. उठून खांदे फिरवले, गरम पाण्यानं अंघोळ केली की उतरतं. कधी दंडापर्यंत ठणका जातो, पण बोटं बधिर होत नाहीत.

नसेची चाल वेगळी. मानेत मणके 7, पण नसांच्या जोड्या 8. मणक्यांमधली चकती सरकली किंवा हाड वाढलं की त्यातली एखादी चेपते. सगळ्यात जास्त वेळा सातवी, तिच्याखालोखाल सहावी. या नसा जातात हातात, पण त्यांचं दुखणं पुष्कळदा सुरू होतं फऱ्याच्या आतल्या बाजूला. हातात काही जाणवायच्या आधी काही दिवस नुसती पाठच दुखते. फसगत होते ती इथे. मग एक दिवस विजेसारखी कळ हातात उतरते. सहावीच्या मुंग्या अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात, सातवीच्या मधल्या बोटात, आठवीच्या करंगळीकडे. सातवी जास्त दबली तर ढकलायचं बळ कमी होतं: जड दार लोटताना किंवा हात टेकून उठताना कोपर दगा देतं.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुखऱ्या बाजूचा हात डोक्यावर ठेवून बसलं की कळ कमी होते, कारण नसेवरचा ताण सैल पडतो. डोक्याला हात लावून बसलेला माणूस दर वेळी चिंतेतच असतो असं नाही! उलट मान मागे टाकून दुखऱ्या बाजूला वळवली, म्हणजे माळ्यावरचा डबा बघताना किंवा गाडी मागे घेताना, की कळ वाढते. मुद्दाम करून बघू नका. आपोआप होतं तेव्हा लक्ष द्या.

आता एक्स-रे. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य ऐकून कितीतरी लोक हबकतात. पण चाळिशीनंतर मणक्यांची झीज काहीही दुखत नसलेल्यांच्या फोटोतही दिसते, आणि साध्या एक्स-रेत नस दिसतच नाही. नुसत्या फोटोवरून पट्टा गळ्यात घालून घेऊ नये, असं माझं मत.

उसणीला अंथरूण धरू नका. पंधरा-वीस मिनिटं सोसवेल असा शेक, दर अर्ध्या तासानं उठून फिरणं, आणि दोन्ही फरे एकमेकांकडे खेचून पाच सेकंद धरणं, दहा वेळा. ताण उतरला की पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन, जरा पुढे वाकून, कोपरं मागे ओढायचा व्यायाम सुरू करा. नुसत्या मालिशीवर राहिलात तर उसण परत येते. साधी उसण काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत जाते.

दबलेली नसही बहुतेकांची ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत ते महिन्यांत शांत होते, पण ती डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली. सलूनमध्ये ‘कटकन’ मान मोडून घेणं मात्र कायमचं बंद. हाताचं बळ कमी होत चाललं तर थांबू नका. शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जायला लागला, तर दाब मज्जारज्जूवर आलेला असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

कधी दोन्ही नसतं. पाठीत एका बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन दोन-चार दिवसांनी फोड उठले तर ती नागीण. रात्रीचं दुखणं, बारीक ताप आणि वजन उतरणं एकत्र आलं तर मणक्याचा क्षय तपासावाच लागतो. आणि फऱ्यांच्या मध्ये अचानक दाब, घाम, धाप असेल तर बाम शोधत बसू नका, 108 लावा.