मोठे मशीन घेण्यापूर्वी प्रीअ‍ॅम्प तपासा
भजनी मंडळे, सप्ताह समित्या आणि झाडीपट्टीतील नाट्यमंडळांसाठी माहितीपत्रक

भागवत सप्ताह तोंडावर आला की ‘माईकचा आवाज पडत नाही, मोठे मशीन द्या’ अशी मागणी घेऊन अनेक मंडळे आमच्या दुकानी येतात. पुष्कळदा मशीनची, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरची, ताकद पुरेशी असते. उणीव असते ती त्याआधीच्या टप्प्यात, म्हणजे प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये.

भजनातील साधा डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरून गायले तरी जेमतेम १-२ मिलिव्होल्ट इतका विद्युतदाब देतो, आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण जोराने चालण्यासाठी सुमारे १ व्होल्ट लागतो. ही जवळजवळ हजारपट वाढ, जिला ६० डेसिबल म्हणतात, प्रीअ‍ॅम्प करून देतो. स्पीकर वाजवणे हे त्याचे काम नव्हे. मिक्सरवरील ‘गेन’चे बटण फिरवताना आपण प्रीअ‍ॅम्पच कमीजास्त करीत असतो.

या टप्प्यावर सिग्नल इतका क्षीण असतो की त्यात मिसळलेली खरखर पुढचे सर्व टप्पे आवाजाबरोबरच वाढवत नेतात. पूर्वी टीव्हीचा बूस्टर घरात न ठेवता छतावर अँटेनापाशी बसवीत, त्याचे कारणही हेच होते.

म्हणून गेन आधी लावावा. खंजेरीवाल्याला सर्वांत जोराची थाप मारायला सांगावी, मिक्सरवरचा लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन चढवावा आणि मग थोडा मागे घ्यावा. गेन कमी ठेवून मास्टर (एकूण आवाजाचे बटण) चढवला तर खरखर ऐकू येते. गेन अति झाला तर आवाज फाटतो, आणि तेथे फाटलेला आवाज मास्टर उतरवून सुधारत नाही, फक्त हळू फाटका येतो.

पेटीसाठी कंडेन्सर माईक (ज्याला चालायला वीज लागते) वापरणार असाल, तर मिक्सरमध्ये ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माईकच्या वायरीतूनच वीज देण्याची सोय, आहे याची खात्री करावी. वाद्याला चिकटवलेला पिझो पिकअप (वाद्याची कंपने टिपणारी चकती) माईकच्या खाचेत लावल्यास आवाज पातळ येतो; त्याला सुमारे १ मेगओम रोधाचा (इम्पिडन्सचा) इनपुट असलेला वेगळा प्रीअ‍ॅम्प लागतो. मंडपात माईकची वायर लायटिंगच्या वायरीला समांतर नेल्यास ५० हर्ट्झची घुमघुम शिरते, म्हणून लांब अंतरासाठी तीन पिनांची बॅलन्स्ड वायरच (जिच्यात शिरलेली घुमघुम मिक्सरमध्ये कटून जाते) घ्यावी. ओलांडावीच लागली तर लायटिंगची वायर काटकोनात ओलांडावी.

मशीन पाहायला येताना आपला माईक आणि वायर सोबत आणावी. आम्ही ती दुकानातील मिक्सरला जोडून दाखवू, आणि गेन लावूनच काम भागत असेल तर तसे स्पष्ट सांगू.