साइड-स्कॅन की मल्टीबीम? कालवांचा तळ कशाने बघायचा

दोन्ही सोनार (sonar) यंत्रंच. दोन्ही पाण्यात आवाज सोडतात आणि तळावरून परत आलेला प्रतिध्वनी टिपतात. पण खोली मोजतो तो मल्टीबीम. साइड-स्कॅन तळाचं चित्र काढतो.

मल्टीबीम बहुधा बोटीच्या बुडाला पक्का बसवलेला असतो. प्रतिध्वनी कोणत्या दिशेने आणि किती वेळाने आला, यावरून तो एका दमात शेकडो ठिकाणची खोली काढतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, म्हणजे 15 मीटर खोलीवरून तो 0.02 सेकंदात परत. बोट जरा डोलली तरी हिशेब चुकतो, म्हणून डोलणं मोजणारी यंत्रणाही जोडावी लागते.

साइड-स्कॅन सहसा बोटीमागून ओढतात. त्याचा आवाज दोन्ही बाजूंना तिरका जातो आणि प्रतिध्वनी किती जोरकस आहे हे नोंदलं जातं. कवचांचा खडबडीत थर आवाज जोरात परतवतो, मऊ चिखल मात्र बराचसा गिळतो. उंचवट्यामागे सावली पडते, आणि ती कामाची. यंत्र तळापासून 5 मीटर वर, सावलीचं टोक 25 मीटरवर आणि सावली 2 मीटर लांब, तर उंचवटा 40 सेंटीमीटरचा!

अमेरिकेतला चेसापीक उपसागर सरासरी साडेसहा मीटरच खोल. मल्टीबीमचा पट्टा खोलीच्या पटीत रुंदावतो, त्यामुळे अशा उथळ पाण्यात फेऱ्या मारून जीव जातो. कालवांसाठी तिथे मी आधी साइड-स्कॅनच ओढेन. कॅनडाजवळच्या ब्राउन्स बँकवर, खोल पाण्यात, मल्टीबीमचं पारडं जड: त्याच्या नकाशांवरून स्कॅलपचे शिंपले रेताड नव्हे, खडीच्या तळावर जास्त असल्याचं दिसलं.

मात्र जिवंत कालव आणि रिकामं कवच दोघांचा प्रतिध्वनी जवळपास सारखाच. म्हणून नकाशावरच्या प्रत्येक प्रकारच्या तळावर यांत्रिक चिमटा टाकून ठरावीक क्षेत्रातली जिवंत कालवं मोजतात, मग घनता गुणिले क्षेत्रफळ. इथे क्षेत्रफळ ताजं हवं. चेसापीककाठच्या मेरीलँड राज्यातल्या कालवांच्या पट्ट्यांच्या सीमा 1906 ते 1912 दरम्यान तळावर साखळी ओढून आखल्या होत्या. त्यानंतर बरीच कवचं गाळात गेली. त्या जुन्या सीमांनी गुणाकार केला, तर चिखलाच्या वाट्यालाही कालवं येतात.