तीन लिप्यांच्या शहरात वाचायला शिकताना

बडोद्यातल्या मराठी घरातलं तिसरी-चौथीचं मूल दिवसभरात तीन लिप्यांमधून फिरून येतं. शाळेची पुस्तकं इंग्रजी. रावपुऱ्यातल्या दुकानांच्या पाट्या आणि शाळेतला एक विषय गुजराती. हिंदीचा धडा आणि स्वयंपाकघरात टांगलेलं मराठी कॅलेंडर देवनागरी. बहुतेक मुलं यातून सहज वाट काढतात. काही मुलं मात्र तिन्हीकडे अडतात, आणि प्रत्येक लिपीत त्यांचं अडणं वेगळं दिसतं. घरात मग तीन वेगळे खुलासे तयार होतात. इंग्रजी जमत नाही, कारण माध्यम चुकलं. गुजराती कच्चं, कारण ती घरची भाषा नाही. मराठी येतं की, जरा हळू वाचतो एवढंच. हे तिन्ही खुलासे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, कारण पुष्कळदा त्यांच्यामागे अडचण एकच असते: डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्या-लिहिण्यात सतत येणारी अडचण.

बोलणं मूल ऐकून ऐकून उचलतं. वाचनाचं तसं नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची आहे, आणि सर्वसाधारण माणसाच्या हाती ती गेल्या शे-दोनशे वर्षांतच आली. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी खास भाग घडणं शक्य नव्हतं. मूल वाचू लागतं तेव्हा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, मागे खालच्या अंगाला, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातली थोडी जागा अक्षरांच्या कामाला लागते. फ्रान्सचे मेंदू-संशोधक स्तानिस्लास देहान आणि लोराँ कोएन यांनी 2000 च्या सुमारास या जागेचं सविस्तर वर्णन केलं. वस्तू डावीकडून पाहिली काय आणि उजवीकडून पाहिली काय, ती तीच, हे या भागाला आधीपासून ठाऊक असतं. अक्षरांसाठी नेमकी हीच सवय मोडावी लागते. म्हणून इंग्रजी 'बी' आणि 'डी' उलटे काढणं सहा-सात वर्षांपर्यंत कोणत्याही मुलात दिसू शकतं. नुसत्या उलट्या अक्षरांवरून डिस्लेक्सिया ठरवू नये, आणि अक्षरं सरळ येतात म्हणून तो नाही असंही धरून चालू नये.

मूळ अडचण बहुतेक वेळा डोळ्यांत नसून आवाजात असते. 'कमळ' हा शब्द कानाला एकसंध ऐकू येतो. त्याचे तुकडे पाडता येतात, पहिला तुकडा काढला तर 'मळ' उरतो, आणि प्रत्येक तुकड्याला कागदावर एक खूण आहे, ही जाण वाचनाच्या मुळाशी आहे. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांना हे तुकडे पाडणं, ते लक्षात धरून ठेवणं आणि खूण पाहताच आवाज झटकन आठवणं कठीण जातं. मेंदूची चित्रं काढली तर आवाज आणि अक्षर यांची गाठ घालणारे डावीकडचे भाग अशा वाचकांमध्ये कमी काम करताना दिसतात. बुद्धिमत्तेशी याचा संबंध नाही. कमी, मध्यम, जास्त, कोणत्याही बुद्ध्यंकाच्या मुलात हा प्रकार असू शकतो. 'आईनस्टाईनलासुद्धा डिस्लेक्सिया होता' असा दिलासा पालकांना हमखास दिला जातो. त्याला भक्कम पुरावा नाही. शिवाय मुलाला मदत मिळावी यासाठी ते असामान्य असण्याची गरजही नाही.

1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा चुणचुणीत होता, गणितं करायचा, पण स्वतःचं नावसुद्धा अक्षरांची अदलाबदल करून लिहायचा. त्याच्या मास्तरांचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. अशी मुलं आजही प्रत्येक शाळेत आहेत. वेगवेगळे अंदाज साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास फिरतात, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन ते चार मुलं.

बडोद्याच्या इतिहासात याच्या अगदी उलट उदाहरण आहे. 1875 मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावातून एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून राजवाड्यात आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. एलियट यांच्यासारखे शिक्षक मिळाले, आणि थोड्याच वर्षांत तो मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकला. याच सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत प्रयोग करून 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकण्याची संधी न मिळालेलं मूल आणि डिस्लेक्सिया असलेलं मूल यांत फरक इथेच आहे. पहिल्याला चांगलं शिकवलं की ते झपाट्याने पुढे जातं. दुसऱ्याला वर्गातल्या इतरांसारखंच शिकवलं तरी ते अडतं, त्याला वेगळ्या तऱ्हेने आणि जास्त काळ शिकवावं लागतं. म्हणून निदान करताना जाणकार व्यक्ती एका परीक्षेवर भागवत नाही. काही महिने नीट शिकवल्यावर किती फरक पडला, हेही ती विचारते.

आता तीन लिप्यांकडे येऊ. इटलीत लिहिलेलं तसंच वाचतात, इंग्रजीत मात्र तोच अक्षरसमूह चार शब्दांत चार तऱ्हांनी वाचतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज अशा डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांची तुलना केली होती. इटालियन वाचकांच्या चुका इतर दोघांपेक्षा कमी निघाल्या. मेंदूत मात्र तिघांचाही डावीकडचा तोच भाग कमी काम करत होता. त्याआधी, 1999 मध्ये, जपानमध्ये वाढलेल्या आणि घरी इंग्रजी बोलणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलाचा अभ्यास छापून आला होता. जपानी तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या तोडीचं वाचायचा, आणि आईवडिलांची भाषा असूनही इंग्रजी वाचताना त्याला गंभीर अडचण येत होती. अडचण मुलात असते, आणि तिचं रूप लिपी ठरवते.

मराठी आणि गुजराती या बाबतीत इटालियनच्या जवळच्या. (पूर्णपणे नव्हे. 'चार' आणि 'चमचा' यांतला 'च' एक नाही, हे मराठी मुलाला कागदावरून कळत नाही.) म्हणून या भाषांत डिस्लेक्सियाची खूण चुकण्यापेक्षा संथपणात जास्त दिसते. मूल बरोबर वाचतं, पण बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. पहिलं अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देतं. तोंडी विचारलं तर गणित चटकन सुटतं, तेच शाब्दिक उदाहरण म्हणून समोर ठेवलं की पाटी कोरी. 'हळू वाचतो एवढंच' या वाक्यावर आईवडिलांनी थांबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

देवनागरीच्या स्वतःच्या अडचणीही आहेत, आणि इंग्रजीतून आलेल्या माहितीत त्या सापडत नाहीत. मुळाक्षरांना बाराखडीने गुणलं की चारशेच्या वर आकार होतात, आणि जोडाक्षरं वेगळी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. हिंदी वाचकांवरच्या प्रयोगांत अशा शब्दांना जास्त वेळ लागल्याचं दिसलं आहे. 'कर्म', 'क्रम', 'राष्ट्र' आणि 'सुऱ्या' यांत एकच 'र' चार वेषांत येतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' वेगळे ओळखायला शिरोरेखेतली फट मदत करते, आणि गुजरातीत तर शिरोरेखाच नाही. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवरचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की अशा अक्षरमालेवर हात बसण्याचं काम चौथी-पाचवीपर्यंत चालू राहतं. अख्खं अक्षर सुटं करणं आपल्या मुलांना लवकर जमतं, पण 'मीना'तला नुसता 'म्' काढून 'ईना' म्हणणं उशिरा येतं. इंग्रजीला हेच दुसरं कौशल्य पहिल्या दिवसापासून लागतं. त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांसाठी बनवलेल्या चाचणीवरून आपल्या मुलाबद्दल निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये 'डाली' नावाची चाचणीमालिका आणली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. मराठी घरातल्या मुलाची तपासणी फक्त इंग्रजीत होत असेल, तर मराठीत किंवा हिंदीतही करा असं पालकांनी आग्रहाने सांगावं. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया बरा होत नाही. 2009 मध्ये अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्त निवेदनात त्यांना पुराव्याचा आधार नसल्याचं स्पष्ट म्हटलं आहे.

या टप्प्यावर अनेक घरांना एक सल्ला मिळतो: घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याने नुकसान होतं. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने डिस्लेक्सिया होत नाही. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये मांडलेलं सूत्र इथे उपयोगी पडतं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले ऐकून समजणं. अक्षरं उलगडण्याची बाजू दुबळी असलेल्या मुलाची ऐकून समजण्याची बाजू तरी भरलेली हवी, आणि ती भरते ती घरच्या भाषेत. आजीने रोज रात्री वाचून दाखवलेली गोष्ट, शब्द अडल्यावर विचारलेला प्रश्न, आत्याशी फोनवर घातलेला वाद, सगळ्याची त्यात भर पडते. 1910 मध्ये सुरू झालेली सेंट्रल लायब्ररी गावात आहे. मुलाला स्वतः वाचता येत नसलं तरी त्याच्या वयाचं, त्याला आवडेल असं पुस्तक आणावं आणि मोठ्याने वाचावं. वाचता येत नाही म्हणून पाच वर्षांच्या मुलाचं पुस्तक दहा वर्षांच्या मुलाच्या हाती दिलं, तर त्याचं डोकं उपाशी राहतं.

अक्षरं उलगडणं मात्र शिकवावंच लागतं, आणि ते आपोआप येईल म्हणून वाट पाहिली तर दरी वाढते. जे वाचू शकतात ते जास्त वाचतात, त्यांचे शब्द वाढतात, बाकीचे मागे पडत जातात. परिणामकारक पद्धत पुष्कळ अभ्यासांतून पुढे आली आहे: आवाज आणि खूण यांची गाठ क्रमाने, उघडपणे, भरपूर सरावासह शिकवणं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा शिकवण्यानंतर सहा ते नऊ वर्षांच्या मुलांच्या मेंदूत डावीकडचे वाचनाचे भाग जास्त काम करू लागल्याचं दिसलं.

आपल्या बाराखडीत हा क्रम आयताच आहे. मात्र मुलं ती तालावर पाठ म्हणतात आणि नजर भलतीकडे असते. म्हणून मधलंच अक्षर विचारावं. आधी कान्याचे शब्द पक्के होऊ द्यावेत, मग दीर्घ वेलांटी, मग ऱ्हस्व. जोडाक्षर फोडून दाखवावं, 'स्' आणि 'त' तोंडाने वेगळे म्हणायला लावून मग जोडावे. अक्षर गिरवताना आवाज मोठ्याने म्हणावा. एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि बसणं पंधरा-वीस मिनिटांचं, पण रोज. एका लिपीत हात बसत असताना दुसऱ्या लिपीतलं तसंच दिसणारं अक्षर त्याच आठवड्यात आणू नये. विशेष शिक्षिका मिळाली तर उत्तम, पण तिच्या तासाइतकाच घरचा रोजचा थोडा वेळ कामी येतो. आई दमलेली आणि मूल रडवेलं असेल त्या दिवशी वही मिटावी आणि नुसतं वाचून दाखवावं. धाकाने वेग वाढत नाही. भीतीने तात्पुरती स्मृती (काम करताना गोष्टी क्षणभर धरून ठेवणारी) भरून जाते, आणि अक्षरं धरून ठेवायला या मुलांना तिचीच सर्वांत जास्त गरज असते.

डिस्लेक्सिया घराण्यात चालत येतो. आई किंवा वडिलांना तो असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते. 'मीही असाच होतो, झालं ना सगळं ठीक' असं वडील म्हणतात, तेव्हा ते वाक्य वाट पाहण्याचं कारण ठरू नये. तपासणी लवकर करण्याचं ते कारण आहे.

शाळेत बोलायला जाताना मागणी नेमकी असावी. तयारीशिवाय वर्गात मोठ्याने वाचायला उभं करू नका. विज्ञान आणि इतिहासाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद द्या. काही उत्तरं तोंडी घ्या. यातल्या कशालाही प्रमाणपत्र लागत नाही, वर्गशिक्षिकेची तयारी लागते, आणि बहुतेक शिक्षिका कारण समजल्यावर तयार होतात. वर्गातल्या चाळीस मुलांचा भार त्यांच्यावर आहे हे लक्षात ठेवून बोलावं.

परीक्षेच्या सवलतींसाठी मात्र कागद लागतात. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो) 21 प्रकारांपैकी एक आहे, आणि ती लवकर ओळखून योग्य उपाय करणं शिक्षणसंस्थांवर बंधनकारक आहे. प्रमाणपत्रासाठीची तपासणी साधारण आठव्या वर्षानंतर होते. बुद्ध्यंकाची चाचणी आणि बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेली चाचणीमालिका तिचा भाग असते. सीबीएसईत अशा विद्यार्थ्याला दर तासामागे वीस मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेता येतो, विषयांच्या निवडीत मोकळीक मिळते, आणि आठवीपर्यंत तिसऱ्या भाषेतून सूट आहे. दुसरीकडे गुजरातच्या 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली आहे. त्यामुळे आपल्या मुलाची सुटणारी भाषा कोणती आणि गुजरातीचं मूल्यमापन कसं होणार, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारावं, उत्तरही लेखी घ्यावं. सवलतींचा अर्ज आठवीच्या आत द्यावा. नववी-दहावीत बोर्डाचे फॉर्म भरताना नव्याने धावपळ केली तर तपासणीची तारीख मिळेपर्यंत मुदत संपून जाते.