आधी हिशेब, मग माणूस

‘कर्मचारी हीच आमची खरी संपत्ती’ हे वाक्य आज कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत हमखास सापडतं. ते इथवर आलं त्यात कळवळ्याचा वाटा कमी, अडचणींचा जास्त.

स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीचा कारभार रॉबर्ट ओवेनने १८०० साली हाती घेतला. कामाचे तास कमी केले, मुलांसाठी शाळा काढली. लोखंडी यंत्रांची एवढी निगा राखता, मग ‘सजीव यंत्रां’ची का नको, असा त्याचा गिरणीमालकांना सवाल होता. (यंत्रच, पण सजीव!) याच गिरणीत प्रत्येक कामगाराशेजारी लाकडाचा छोटा ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजू काळी, निळी, पिवळी, पांढरी. काल वागणूक वाईट असेल तर आज काळी बाजू समोर, उत्तम असेल तर पांढरी. ओरडणं नाही, मारणं नाही. निवाडा पटला नाही तर थेट ओवेनकडे दाद मागता येई. हल्लीच्या अप्रेजलमध्ये, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनात, मला तोच ठोकळा दिसतो. दाद मागायची वाट मात्र तेवढी सरळ राहिलेली नाही.

पुढे अमेरिकेत अभियंता फ्रेडरिक टेलरचं स्टॉपवॉच आलं, कामाच्या एकेका हालचालीला किती वेळ लागतो ते मोजणारं. १९११ मध्ये वॉटरटाउनच्या शस्त्रागारातल्या कामगारांनी या मोजणीविरुद्ध संपच केला. मोटारी बनवणाऱ्या फोर्ड कंपनीची अडचण वेगळी होती. तिथे माणसं टिकतच नव्हती. १९१३ मध्ये गळती ३७० टक्क्यांवर गेली, म्हणजे एका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलायची. जानेवारी १९१४ मध्ये पाच डॉलर रोज आणि आठ तासांची पाळी जाहीर झाली. पण पूर्ण पैसे हवे असतील तर कंपनीचे तपासनीस घरी येऊन दारू, बचत, स्वच्छता बघून जात.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न या टेलिफोन साहित्याच्या कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले, ते सुरुवातीला दिव्यांच्या उजेडाचे. लक्ष दिलं की काम वाढतं, हा या प्रयोगांतून सांगितला जाणारा लाडका निष्कर्ष. प्रयोगातल्या दोन मुली बोलतात फार म्हणून बदलल्या गेल्या, हे सांगायचं बहुधा राहून जातं. माझ्या मते तिथलं मोलाचं काम म्हणजे वीस हजारांवर मुलाखती. ठरलेले प्रश्न सोडून माणसं भलतंच बोलत, म्हणून मुलाखतकारांनी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि नुसतं ऐकायला सुरुवात केली.

‘ह्यूमन रिसोर्स’चे, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाचे, स्वतंत्र अभ्यासक्रम १९८० च्या दशकात रुजले. त्याच दशकात, १९८४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच, ज्यांच्या गैरहजेरीला कंपनी वैतागली होती तेच. गैरहजेरी मात्र झपाट्याने उतरली. आधी गाड्या जोडणारी लाइन थांबवणं म्हणजे गुन्हा. आता लाइन थांबवायला डोक्यावर दोरी होती आणि खोट दिसली की ती कुणीही ओढावी. ओढली की टीम लीडर धावत यायचा, जाब विचारायला नव्हे, हात द्यायला.