कयाक : गती व जलरोध

उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट, युपिक व अल्यूट लोकांची, लाकडी सांगाड्यावर कातडे ताणून केलेली अरुंद शिकारी होडी. ग्रीनलंडमधील केकेर्तासुसुक येथे मिळालेले सांगाड्याचे तुकडे कयाकचेच मानले, तर हा प्रकार सुमारे ४,००० वर्षांचा ठरतो.

पाण्याचा विरोध मुख्यतः दोन प्रकारचा : भिजलेल्या पृष्ठभागाचे घर्षण आणि होडीने उठविलेल्या लाटांत खर्ची पडणारी ऊर्जा. विल्यम फ्रूड (१८१०–७९) यांच्या प्रतिकृतींवरील चाचण्यांमुळे हे घटक वेगळे मोजता येऊ लागले. होडीने उठविलेल्या लाटेची लांबी जलरेषेच्या (होडी पाण्याच्या पातळीला जिथे टेकते त्या रेषेच्या) लांबीइतकी होते, तो वेग ५ मी. जलरेषेसाठी ताशी सु. १० किमी. (५.४ नॉट, म्हणजे ताशी ५.४ सागरी मैल) येतो. याला कमाल वेग म्हणण्याचा प्रघात आहे. पण लांबी रुंदीच्या दहापट असलेल्या होडीत ती भिंत नसून चढ असतो. शिवाय ताशी ५–६ किमी.च्या दमाच्या वल्हवणीत घर्षणच भारी पडते, त्यामुळे नुसती लांबी वाढविणे तोट्याचे.

अल्यूशन बेटांवरील बैदार्का ही अल्यूट लोकांची कयाक वादाचा विषय आहे. तिची नाळ (पुढचे टोक) दुभंगलेली असते : खालचा फाटा पातळ व पाणी कापणारा, वरचा रुंद, लाटेवर उचलून धरणारा. काहींच्या मते यामागे सांगाडा बांधण्याची व कातडे ताणण्याची सोय आहे; काही जण आधुनिक जहाजांच्या फुगीर नाळेशी साम्य पाहतात. बैदार्काच्या वेगात हे साम्य फारसे टिकत नाही. जलरेषा लांबविणे व तरणशक्ती देणे, ही दोन कामे दोन फाट्यांवर सोपविल्याचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. तळाचा कणा तीन तुकड्यांचा असून सांध्यांत हाडाच्या चकत्या बसवीत, त्यामुळे सांगाडा लाटेबरोबर लवे. बैदार्काच्या १० नॉट वेगाचे उल्लेख आढळतात. संथ पाण्यात माणसाच्या बळावर हा वेग संभवत नाही. बेटांमधील खिंडींतला भरतीचा ओढा किंवा पाठीमागून येणारी लाट हिशेबात धरावी लागते.

कॅरिबू इन्युइटांची कयाक हलकी व चपळ. तळ्या-नद्यांत पोहणारे कॅरिबू (रेनडियर) गाठण्यासाठी ती वापरीत.

लवचिक कातडे डॉल्फिनच्या त्वचेप्रमाणे घर्षण घटविते, ही कल्पना १९६० च्या सुमारास डॉल्फिनविषयी मांडल्या गेलेल्या गृहीतकावर आधारलेली असून कयाकच्या बाबतीत ती सिद्ध झालेली नाही. कातड्याला चरबी वा तेल चोळीत ते पाणी आत झिरपू नये म्हणून.